समाईक कोठारात काय ठेवावे?

एखादी वस्तू उपयुक्त आहे एवढ्यावरून ती समाईक कोठारात ठेवण्यास योग्य ठरते काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. उपयुक्त वस्तू ठेवू नये तर काय निरुपयोगी ठेवावी, असेही कोणी विचारील. परंतु जे भांडार अनेकांनी मिळून उभारलेले असते, ज्याचा दरवाजा सर्वांस उघडा असतो आणि ज्याची झाडलोट मात्र थोड्यांच्याच माथी असते, तेथे हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही; तो न्यायाचा आणि वचनाचा प्रश्न होऊन बसतो. संगणकाच्या क्षेत्रातील मुक्तस्रोत लायब्रऱ्यांच्या कारभारात तो आज नित्य उपस्थित होतो. हा तज्ज्ञांचा घरगुती वाद आहे असे समजून सामान्य सुशिक्षिताने त्याकडे पाठ फिरवावी, असे आम्हांस वाटत नाही. पेढ्यांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी, आगगाडीची तिकिटे ही सर्व ज्या यंत्रणांवर चालतात, त्यांच्या पायात अशीच भांडारे असतात.

येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथसंग्रहालय नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यास जी कामे वारंवार करावी लागतात, उदाहरणार्थ तारखांची वजाबाकी, संख्यांची सरासरी किंवा मजकुराचा शोध, ती करण्याच्या तयार कृतींचा संग्रह म्हणजे लायब्ररी. एकाने नीट लिहून पारखून ठेवलेली कृती दुसऱ्याने आपल्या प्रोग्रामात नुसती नावाने बोलवावयाची, की काम झाले. मुक्तस्रोत लायब्ररीत ही कृती कशी लिहिली आहे ते कोणासही पाहता येते, परवान्याच्या अटी पाळून बदलता येते आणि पुढे वाटताही येते. तिच्याबद्दल मोल पडत नाही. पुष्कळ ठिकाणी ती सांभाळणारेही पगारी नसून आपल्या फावल्या वेळात हे काम करणारे असतात.

आता अशा संग्रहाकडे रोज कोणी ना कोणी येऊन म्हणतो, “मला अमुक सोय पाहिजे, ती मी लिहूनही आणली आहे, एवढी आत घ्या.” यात सांभाळणाऱ्यांनी का कू करण्याचे कारण काय? जागा अडत नाही, पैसा पडत नाही, आणि ज्यास ती सोय नको त्याने ती वापरू नये. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा, परंतु त्यात एक गोष्ट वगळलेली असते. सोय आत घेणे ही एका दिवसाची घटना असली, तरी ती सांभाळणे हे वर्षानुवर्षांचे कर्तव्य असते. तिच्यात दोष निघाला तर तो दुरुस्त करणे, भाषा बदलली तर तिला नव्या भाषेस जुळवून घेणे, नवख्यांस ती समजावून सांगणे आणि तिच्यावर विसंबून बसलेल्या अज्ञात सहस्रावधी लोकांचे काम मोडणार नाही अशी दक्षता घेणे, हे सर्व त्या एका होकारात गर्भित असते. आणणारा मनुष्य बहुधा आणून देऊन निघून जातो. मूल दारात ठेवून जावे आणि संगोपन घरच्यांनी करावे, असा हा प्रकार होतो. म्हणून आमच्या मते अशा संग्रहातील प्रत्येक समावेश हे एक वचन आहे. आणि ज्याने ते पाळावयाचे त्याच्या संमतीवाचून ते देण्याचा अधिकार कोणासही नाही.

याचे एक बोधप्रद उदाहरण नमपाय या लायब्ररीचे आहे. पायथन भाषेत संख्यांच्या मोठमोठ्या सारण्यांवर वेगाने गणित करण्यासाठी ही लायब्ररी निर्माण झाली. तिच्या आधारावर शास्त्रीय गणितासाठी सायपाय आणि यंत्रांस उदाहरणांवरून शिकविण्यासाठी सायकिट-लर्न, अशी एकावर एक मजले चढविल्यासारखी रचना आहे. पायातल्या या नमपायमध्ये 2008 साली दहा आर्थिक कृती दाखल करण्यात आल्या: कर्जाचा हप्ता किती, ठेवीचे पुढे किती होतील, परताव्याचा दर काय, अशा स्वरूपाच्या. त्या निरुपयोगी होत्या असे कोण म्हणेल? परंतु 2009 मध्येच, प्रत्यक्ष तारखा धरून परताव्याचा दर काढणारी कृतीही घ्या, अशी मागणी आली. मागणी रास्तच होती, कारण व्यवहारातील पैसा ठरावीक अंतराने थोडाच येतो? पण तारखा आल्या की पंचांग आले, सुट्ट्या आल्या, निरनिराळ्या देशांचे रिवाज आले. आणि सारण्यांचे गणित करणाऱ्यांच्या घरात सावकाराची चोपडी उघडली गेली. शिवाय परताव्याच्या दराच्या समीकरणास कधी कधी एकाहून अधिक उत्तरे निघतात. त्यांतले कोणते द्यावे हा निर्णय अर्थव्यवहार जाणणाराच करू शकतो. शेवटी 2019 साली या कृती नमपायमधून काढून एका स्वतंत्र लायब्ररीत न्याव्या असे ठरले. प्रथम तशी सूचना देण्यात आली आणि 2021 च्या जानेवारीत निघालेल्या आवृत्तीत त्या नाहीशा झाल्या. ज्यांस त्या हव्या होत्या त्यांस त्या वेगळ्या दारी मिळू लागल्या.

या उदाहरणावरून दोन गोष्टी दिसून येतात. एक अशी की, अर्धवट सोय ही पुष्कळदा सोय नसण्यापेक्षा अधिक त्रासदायक होते. कारण ती पूर्ण करण्याची मागणी तिच्या पोटातच असते. दुसरी अशी की, “हे उपयोगी आहे काय?” हा खरा प्रश्नच नव्हे. जगात उपयोगी वस्तूंस तोटा नाही. खरा प्रश्न असा की, “हे येथे असावे काय, आणि येथील माणसे ते जाणतेपणाने सांभाळू शकतील काय?” वैद्याच्या दुकानी नांगराचा फाळ ठेवला, तर फाळ वाईट ठरत नाही, पण तो विकत घेणाऱ्याने धारेविषयी विचारले म्हणजे वैद्यबुवांनी काय सांगावे?

अयोग्य जागी ठेवलेल्या सोयीचा परिणाम केवळ गैरसोयीवरच थांबतो असेही नाही. जावा भाषेत लॉगफोरजे नावाची एक लायब्ररी आहे. प्रोग्राम चालू असता काय काय घडले याची रोजनिशी लिहून ठेवणे, एवढेच तिचे काम. 2013 साली तिच्यात एक सोय घालण्यात आली: नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण आढळली, तर तिच्या अनुरोधाने अन्य ठिकाणाहून माहिती शोधून आणावयाची. कोणास तरी तिची गरज होती, आणि कोणी तरी ती लिहून दिली. आठ वर्षांनी, 2021 च्या डिसेंबरात, असे उघडकीस आले की कोणाही परक्याने ती खूण एखाद्या नावात किंवा निरोपात लिहून पाठविली, तर रोजनिशी लिहिणारा हा कारकून दूरच्या यंत्राकडे जाऊन तेथला प्रोग्राम घरात आणतो आणि चालवतो. दोषाचे गांभीर्य मोजण्याची जी दहा गुणांची मोजपट्टी आहे, तीवर या दोषास दहापैकी दहा गुण देण्यात आले. ही लायब्ररी असंख्य यंत्रणांत असल्यामुळे जगभर धावपळ उडाली. आणि ती निस्तरण्याचा पहिला भार तिच्या मूठभर स्वयंसेवकांवर पडला. ज्यांनी ती सोय कधी मागितली नाही, वापरली नाही, ती आहे हे ज्यांच्या गावीही नव्हते, त्यांच्याच दाराची कडी तिने काढून ठेवली होती. “नको असेल त्याने वापरू नये,” हे उत्तर येथे पुरे पडत नाही. समाईक घराच्या भिंतीला पाडलेले भोक ज्याने पाडले त्याच्यापुरते राहत नाही.

मग काहीच आत घेऊ नये, प्रत्येक कृतीची वेगळी चूल मांडावी, असा निष्कर्ष काढावयाचा काय? तसेही नाही. या दुसऱ्या टोकाचा अनुभव जावास्क्रिप्ट भाषेच्या जगाने 2016 च्या मार्चमध्ये घेतला. त्या भाषेच्या मूळ साठ्यात पुष्कळ बारीकसारीक सोयी नसल्यामुळे त्या अत्यंत लहान लहान स्वतंत्र लायब्रऱ्यांच्या रूपाने एनपीएम नावाच्या सार्वजनिक भांडारात ठेवण्याची रीत पडली होती. अशीच एक अकरा ओळींची लायब्ररी होती. शब्दाच्या डाव्या बाजूस ठरावीक लांबी होईपर्यंत रिकाम्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच तिचे काम. तिच्या कर्त्याचा दुसऱ्या एका लायब्ररीच्या नावावरून तंटा झाला, आणि त्याने रागाने आपले सर्व साहित्य भांडारातून काढून घेतले. त्याबरोबर या अकरा ओळींवर दुरून दुरून विसंबलेले कितीतरी मोठे प्रकल्प एकाएकी बांधता येईनासे झाले. भांडाराच्या चालकांनी त्या ओळी काही तासांतच पुन्हा जागेवर ठेवल्या. पुढे 2017 च्या प्रमाणात ती सोय भाषेनेच पोटात घेतली. सारांश, जी गोष्ट खरोखर सर्वांच्या नित्य गरजेची आहे ती समाईक कोठारात नसेल, तर लोक ती जेथून मिळेल तेथून आणतात. आणि एका माणसाच्या लहरीवर सर्वांचा संसार टांगला जातो. नकार हाही फुकट नसतो. त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या खात्यावर पडते, इतकेच.

तेव्हा होकारास जसा तोटा आहे तसाच नकारासही आहे, आणि निवड केल्यावाचून गत्यंतर नाही. ती कोणत्या कसोटीवर करावी? सायकिट-लर्नच्या चालकांनी आपली कसोटी लिहूनच ठेवली आहे. एखादी नवी पद्धती प्रसिद्ध होऊन निदान तीन वर्षे झालेली असावी, इतर अभ्यासकांनी तिचा दोनशेहून अधिक वेळा उल्लेख केलेला असावा, आणि तिचा वापर व उपयोग व्यापक असावा, अशी त्यांची साधारण अपेक्षा असते. यावर आक्षेप घेता येईल. दोनशे उल्लेख मिळतात ते प्रतिष्ठित विद्यापीठांतल्या लोकांस लवकर मिळतात. एखाद्या अप्रसिद्ध गावच्या अभ्यासकाची उत्तम पद्धती दाराबाहेर तिष्ठत राहील. हा आक्षेप खोटा नाही. तथापि आम्हांस त्या नियमाची बाजू घ्यावीशी वाटते, ती एका कारणाकरिता. लिहिलेला नियम कडक असला तरी तो सर्वांस सारखा दिसतो, त्यावर वाद घालता येतो आणि तो बदलताही येतो. न लिहिलेला नियम म्हणजे वाढणाऱ्याची मर्जी, आणि मर्जी आली की पंक्तिप्रपंच आलाच. ओळखीच्याच्या पानावर तूप अधिक आणि अनोळख्याच्या पानावर “संपले” हे उत्तर, यापेक्षा मोजून एकेक पळी वाढणारा बरा.

पण “सर्वांची गरज” हे शब्द उच्चारताना हे “सर्व” म्हणजे कोण, हेही विचारले पाहिजे. पायथन भाषा 1991 साली गिडो व्हॅन रॉसम यांनी प्रसिद्ध केली. खेळण्याबरोबर बॅटऱ्याही द्याव्या त्याप्रमाणे भाषेबरोबर भरपूर तयार कृती द्याव्या, असे तिचे ब्रीद होते. त्या मूळ साठ्यात सन कंपनीच्या संगणकांवरील ध्वनिमुद्रणाचा एक जुना प्रकार वाचण्याची सोय तीस वर्षांहून अधिक काळ सुखाने नांदत होती. उलट, मराठी शब्द आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावावे म्हटले, तर तेथील साधी क्रमवारी उपयोगी पडत नाही. ती अक्षरांस दिलेल्या संकेतांकांवरून क्रम लावते, आणि त्या अंकांत ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसलेला आहे. त्यामुळे ‘कळस’ हा ‘कवडी’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे तो ‘कहर’च्याही नंतर यावयास पाहिजे. भाषावार क्रम लावणारी साधने आहेत, पण ती मूळ साठ्याबाहेरून आणावी लागतात. आरंभी जे घरात होते त्यांच्या गरजा “सर्वांच्या” ठरल्या, आणि जे मागाहून आले त्यांच्या गरजा “विशेष” ठरल्या, असे यावरून कोणी म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. घर बांधणारा आपल्याच उंचीप्रमाणे दाराची चौकट बसवितो. परंतु समाईक म्हणविणाऱ्या घराने पुढे उंच आणि ठेंगण्या पाहुण्यांचाही विचार केला पाहिजे.

हा विचार करताना सर्व काही आत कोंबणे हाच एक उपाय आहे असे मात्र नाही. पायथनने 2020 च्या ऑक्टोबरात काढलेल्या आवृत्तीत देशोदेशींच्या वेळांचा हिशोब करणारी सोय मूळ साठ्यात घेतली, तेव्हा एक शहाणपणाची तोड काढली. हिशोबाची कृती आत घेतली. पण कोणत्या देशाचे घड्याळ कधी पुढे-मागे होते, ही माहिती आत ठेवली नाही. ती संगणकाच्या आपल्या कोष्टकांतून घ्यावी, आणि तेथे नसेल तर स्वतंत्र ठेवलेल्या संचातून आणावी, अशी व्यवस्था केली. कारण उघड आहे. कृती स्थिर असते; पण सरकारे आपल्या घड्याळांचे नियम मनास येईल तेव्हा बदलतात, आणि भाषेची नवी आवृत्ती निघेपर्यंत ते थांबत नाहीत. जे दीर्घकाळ टिकणारे ते आत, जे वारंवार पालटणारे ते बाहेर, परंतु दोहोंमधली वाट सुगम, हा विवेक आम्हांस अनुकरणीय वाटतो.

आता आत घेतलेल्या वस्तू बाहेर काढण्याचा प्रश्न. समावेश हे जर वचन आहे, तर वस्तू काढणे हा वचनभंग नव्हे काय? पायथनच्या साठ्यातील एकोणीस जुने विभाग काढण्याची सूचना 2019 साली पुढे आली, 2022 साली ती मान्य झाली, आणि 2024 च्या ऑक्टोबरातील आवृत्तीत ते विभाग नाहीसे झाले. त्यांत वर सांगितलेला सनचा ध्वनिप्रकार होता, टेलनेटची सोय होती, आणि वेबच्या बाल्यावस्थेतील सीजीआय पद्धतीचे साहित्यही होते. कोणाचे तरी जुने काम त्यामुळे अडले असेल यात शंका नाही. परंतु पूर्वजांनी उत्साहाच्या भरात दिलेले प्रत्येक वचन वंशजांनी यावच्चंद्रदिवाकरौ पाळले पाहिजे, असे म्हणणे म्हणजे सांभाळणाऱ्यांस वेठबिगार करणे होय. ज्याने मोबदला घेतला नाही त्याने निदान मुदत तरी मागू नये काय? आमच्या मते येथे कर्तव्य अनंतकाळ पाळण्याचे नाही. कर्तव्य आहे ते पुरेशी आगाऊ सूचना देण्याचे, पर्याय दाखविण्याचे, आणि ज्यांस वस्तू हवीच असेल त्यांस ती स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जाऊ देण्याचे. ही तिन्ही पाळली गेली तर वचनाचा मान राहिला असे समजण्यास हरकत नाही. याच छाननीत ‘वेव्ह’ नावाचा ध्वनीचा विभाग मात्र राखण्यात आला. त्याच्या साहाय्याने लहान मुलांस संगणकातून चित्रविचित्र आवाज काढण्यास शिकविता येते, आणि त्यातून त्यांस या विद्येची गोडी लागते, हे त्याचे एक कारण होते. ज्यांस सभेत येऊन आपली बाजू मांडता येत नाही अशांचा विचार कोणीतरी केला, हे पाहून समाधान वाटते.

येथेच “बाहेरून आणा” या उत्तराची मर्यादा दिसून येते. ज्यास वेगवान इंटरनेट आणि पूर्ण मुभा आहे, त्यास आत काय आणि बाहेर काय, दोन्ही सारखेच. पण ज्या शाळेत इंटरनेट अधूनमधूनच येते किंवा ज्या कचेरीत बाहेरची एकही वस्तू परवानगीवाचून आणता येत नाही, तेथे मूळ साठ्यात जे नाही ते जगातच नाही. 2014 साली पायथनने सरासरी, मध्यक इत्यादी काढणारा एक लहानसा संख्याशास्त्रीय विभाग आत घेतला, तो अशांचाही विचार करून. मोठ्या लायब्रऱ्यांशी स्पर्धा करण्याचा त्याचा हेतू नव्हता. शास्त्रीय गणकयंत्राच्या बटणांवर जेवढे असते तेवढे द्यावे, अशी मर्यादा त्याने आरंभीच घालून घेतली. आपली मर्यादा स्वतः सांगणारी सोय आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते.

उरतो तो प्रश्न असा की, हा निवाडा करावा कोणी? पायथनमध्ये 2018 पर्यंत अखेरचा शब्द व्हॅन रॉसम यांचा होता. त्या वर्षीच्या जुलैत, एका लहानशा चिन्हाच्या समावेशावरून झालेल्या कडू वादानंतर, त्यांनी तो अधिकार सोडला; आणि 2019 पासून निवडून दिलेल्या पाच जणांचे मंडळ तो चालवीत आहे. वाद भाषेतील एका चिन्हाचा, पण त्यापायी मनुष्य थकून जावा, ही गोष्ट मागणी करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे अन्नछत्रात जेवून वर मिरपूड मागणाऱ्यास हसतात. मिरपूड मागूच नये असे आम्ही म्हणत नाही. पण ती मागताना चुलीपाशी कोण उभे आहे, सकाळपासून किती पंगती उठल्या आहेत, आणि उद्याचे लाकूड कोण फोडणार आहे, याची विचारपूस करावी. उलट पक्षी, वाढणाऱ्यानेही आपण फुकट वाढतो म्हणून वाटेल ते बोलावे, असे नाही. नकार देणाऱ्यावर कारण सांगण्याचे ऋण असतेच. ‘नाही’ म्हणण्याचा त्यास अधिकार आहे. मागणाऱ्यास क्षुद्र लेखण्याचा नाही.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, शंका असेल तेव्हा वस्तू बाहेर ठेवावी; कारण बाहेरची उद्या आत घेता येते, पण आतली बाहेर काढताना कोणाचे तरी घर हलते. मात्र ज्याने वस्तू बाहेर ठेवली, त्याने तिच्यापर्यंतची वाट बुजवू नये. आणि ज्यास ती वाट चालण्याचे बळ नाही, त्याच्याकरिता नियमास अपवाद करण्याची तयारी ठेवावी. समाईक कोठाराची श्रीमंती त्यात किती वस्तू आहेत यावरून ठरत नाही. जी वस्तू आहे म्हणून सांगितले, ती अंधारात हात घातला तरी जागेवर आणि धड सापडेल, या भरवशावर ती ठरते. हा भरवसा ज्यांच्या जागरणावर उभा आहे, त्यांची नावे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक नसतात. त्यांच्या ‘नाही’मागेही पुष्कळदा आपल्याविषयीची काळजी असते, एवढे आपण मागणी करण्यापूर्वी मनात आणले, तरी त्यांच्या श्रमांची काही अंशी फेड होईल.